लाकडी जहाजाचं किट: नाळेपाशी फळ्या एकमेकींवर चढतायत, काय करावं?

अर्धवट_सुतार

नमस्कार मंडळी,

कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर'चं लाकडी किट बांधतोय, प्रमाण १:६०. मधला प्लायचा कणा, त्यात आडवे खोचलेले बल्कहेड (जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे प्लायचे तुकडे) आणि वर डेकचा पातळ प्लाय, एवढा सांगाडा उभा आहे. आता अंगावर फळ्या चढवणं चालू आहे. दोन थर आहेत. आतला बासवुडचा, फळी ५ मिमी रुंद आणि १.५ मिमी जाड. बाहेरचा अक्रोडाचा, जेमतेम ०.६ मिमी.

डेकच्या कडेपासून खाली येतोय. सुरुवातीच्या फळ्या मुकाट बसल्या. पण जसजसा खाली सरकतोय तसतशी पुढे नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, प्रत्येक फळी बंड करतेय. पोटावर व्यवस्थित टेकते, गोलाईला आली की तिची वरची कड आधीच्या फळीवर चढते आणि खालची कड हवेत राहते. टाचणी मारून दाबली तर टाचणीसकट उसळते. सूचनापत्रकात 'फळ्या निमुळत्या करून घ्या' असं आहे. किती, कुठून, कशा, ते गुलदस्त्यात.

असलं किट पहिल्यांदाच हातात घेतलंय, त्यामुळे अगदी मूलभूत सल्लाही चालेल. लावलेल्या फळ्या काढाव्या लागतील का? फेव्हिकॉलने चिकटवल्यात, आतापर्यंत प्रत्येक बाजूला सहा.

भोज्या

पहिलाच थर आहे ना? मग एवढं काय मनाला लावून घेताय. फिलर भरा, घासा, वर अक्रोड येणारच आहे. आत डोकावून कोण बघतंय!

रंधा

भोज्याशेठ, पहिला थर झाकला जातो हे खरं, पण झाकणारी पट्टी ०.६ मिमीची आहे. खालचा उंचवटा वर जसाच्या तसा उमटतो. मग तो घासायला गेलात की अक्रोड संपतो आणि खालचा पांढरा बासवुड डोकावतो. 'पहिला थर कसाही चालतो' हा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो कधीच पटलेला नाही.

अर्धवट_सुतार, फळीला दोष देण्याआधी सांगाडा तपासा. लेझरने कापलेल्या बल्कहेडची कड काटकोनात असते. जहाज मात्र पुढे अरुंद होत जातं. त्यामुळे नाळेकडच्या बल्कहेडवर फळी फक्त पुढच्या कोरेवर टेकते आणि तिथे तिला कुबड येतं. ती पुढची कोर तासून उतार द्यायचा, मागची राखायची. लेझरने जळलेली काळी कड इथे फार उपयोगी पडते. तासत गेलात की काळं पुढून मागे जात जातं. मागच्या कोरेवर केसाएवढी काळी रेघ उरली की हात थांबवा. तीही गेली तर बल्कहेड मापाला बारीक झाला म्हणून समजा. जहाजाच्या मागच्या अर्ध्यात सगळं उलट: मागची कोर तासायची, पुढची राखायची. मधल्या एक-दोन बल्कहेडना जवळपास हातच लावायला नको.

सँडपेपर बोटात धरून घासू नका, प्रत्येक बल्कहेड वेगळा खोलगट होतो. प्लायच्या लांब, किंचित लवचिक पट्टीवर १२० नंबरचा पेपर चिकटवा आणि एका वेळी तीन बल्कहेडवरून फिरवा. मग एक फळी नुसती बोटांनी सांगाड्यावर धरून पाहा, डेकपाशी, पोटावर, तळाजवळ. फळीच्या पूर्ण रुंदीला प्रत्येक बल्कहेड टेकला पाहिजे. वहीच्या कागदाचा कपटा मधे सरकत असेल तर अजून उतार हवा.

दुसरं म्हणजे 'एंडेव्हर'ची नाळच बोथट. मुळात ते कोळसा वाहणारं जहाज. १७६४ साली व्हिटबीत 'अर्ल ऑफ पेम्ब्रोक' या नावाने पाण्यात उतरलं, १७६८ साली ब्रिटिश आरमाराने विकत घेतलं. पोटात माल मावावा म्हणून पुढेही फुगीर. अशा नाळेत शेवटच्या दोन बल्कहेडच्या पुढे फळी अगदी थोड्या अंतरात जवळपास काटकोनात वळते आणि तिथे तिला खालून आधारच नसतो. त्या पोकळीत बाल्साचे नाहीतर कुठल्याही मऊ लाकडाचे ठोकळे भरा आणि त्यांना कानशीने गोलाई द्या. ठोकळे न भरता ही नाळ फळ्यांत मढवून दाखवणारे असतील, मी त्यांच्या वाटेला जात नाही.

निमुळतेपणाचं गणित जेवून येऊन लिहितो.

सुई_दोरा

जहाजातलं मला ओ की ठो कळत नाही, पण रंधाकाका जेवून येण्याआधी लिहून टाकते. हे कळीदार परकराचं गणित आहे. खाली घेर मोठा, कमरेला लहान, कळ्या मात्र दोन्हीकडे तेवढ्याच. म्हणून प्रत्येक कळी वर निमुळती कापायची. तुम्ही सगळ्या कळ्या सरळ कापून कमरेत कोंबताय, मग त्या एकमेकींवर चढणारच.

रंधा

ताई, माझं निम्मं लिखाण वाचलं. आता फक्त आकडे देतो.

कागदाची अरुंद पट्टी घ्या. सगळ्यात फुगीर बल्कहेडवर डेकच्या कडेपासून कीलपर्यंत (तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब दांड्यापर्यंत) ती अंगासरशी गुंडाळा आणि खूण करा. उदाहरणादाखल १४० मिमी भरलं असं धरू. ५ मिमीच्या फळीने २८ फळ्या झाल्या. आता तशीच पट्टी नाळेच्या टोकाला लावा. समजा ८४ भरलं. २८ फळ्यांना ८४, म्हणजे प्रत्येकीला ३ मिमी. 'किती' याचं उत्तर एवढंच. मधल्या बल्कहेडवरही तसंच करायचं. एखाद्यावर १२६ भरलं तर तिथे फळी साडेचारची.

पिछाडीला मोजलंत तर बहुतेक वेळा उलटा प्रकार निघतो. समजा १५० भरलं. २८ फळ्या पूर्ण रुंदीने नेल्या तरी १० मिमी उघडे पडतात आणि फळी काही ओढून रुंद होत नाही. तिथे दोन पाचरीच्या आकाराच्या जादा फळ्या घालाव्या लागतात. त्यांना स्टीलर म्हणतात.

एक मर्यादा मात्र पाळा. फळी निम्म्यापेक्षा अरुंद करू नका, म्हणजे तुमची अडीच मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. टोक इतकं बारीक झालं की टाचणीने चिरतं. नाळेला ८४ ऐवजी ६० भरलं असतं तर वाट्याला जेमतेम २.१ आले असते. अशा वेळी सगळ्या फळ्या टोकापर्यंत न्यायच्याच नाहीत. काही अलीकडे थांबवायच्या आणि शेजारच्या फळीला खाच करून त्यात त्यांचं बोथट टोक बसवायचं. जुन्या जहाजांवर असंच करत, ही मॉडेलवाल्यांची पळवाट नव्हे.

आता तुमच्या सहा फळ्या. त्या पूर्ण पाच मिमीने नाळेपर्यंत गेल्या असतील तर ३० मिमी तिथेच खाल्ले. उरले ५४, फळ्या उरल्या २२, वाटणीला साधारण २.४५. मर्यादेच्या काठावरून घसरलंच. तुमच्या सांगाड्यावर खरी मापं घेऊन हाच हिशेब करा. असंच निघालं तर नाळेकडची टोकं तरी सोडवावी लागतील.

सायलेंट_मोड

वाचनखूण साठवली. असले धागे वर राहायला हवेत.

नागपुरी_नवशिक्या

फळी तासायची कशी? मी स्टीलच्या पट्टीला लावून कापतो तर ब्लेड मधेच आत घुसतं आणि अर्धी फळी वाया जाते.

रंधा

कोणत्या टोकाकडून कापता त्यावर आहे. लाकडातले तंतू फळीच्या लांबीने धावतात आणि ब्लेडला त्यांच्या वाटेने जायला आवडतं. रुंद भागाकडून निमुळत्या टोकाकडे कापलंत तर चुकलेलं ब्लेड टाकाऊ बाजूला सटकतं. उलट कापलंत की कामाच्या भागात शिरतं. शिवाय ११ नंबरचं ब्लेड एका दाबात आरपार घालू नका. पहिला हात फक्त ओरखडा उठेल इतका, मग त्याच ओळीत दोन-तीन हलके. रेघेच्या किंचित बाहेर कापायचं आणि शेवटचं माप छोट्या रंध्याने नाहीतर पेपरच्या पट्टीने गाठायचं. डावी आणि उजवी फळी टेपने एकत्र बांधून एकदमच तासा, दोन्ही बाजू सारख्या होतात.

लावतानाही डावी-उजवी अशी आळीपाळीने लावा. एका बाजूच्या सात-आठ फळ्या आधी लावून टाकल्या तर त्यांचा ताण कण्याला पिळतो आणि मग कितीही घासा, कील सरळ दिसत नाही.

फ्रेटसॉ

सुटे भाग काढण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून माझी भर. सांगाडा उभा झालाय, पण धागा वाचणाऱ्या इतरांना कामाला येईल.

लेझरने कापलेला भाग शीटमध्ये बारीक दुव्यांनी अडकलेला असतो. अंगठ्याने दाबून काढलात तर प्लायचा बाहेरचा थर शेजारच्या तुकड्याबरोबर सोलून जातो. दुवे ब्लेडने कापा, शीट उलटून मागूनही. काढण्याआधी प्रत्येक भागावर पेन्सिलने नंबर घाला आणि पुढची बाजू कोणती त्याचा बाण. शेजारशेजारचे बल्कहेड दिसायला जुळे असतात, फरक एखाद्या मिलिमीटरचा.

जळकी कड जिथे गोंद लागणार तिथे हलकी घासा, कारण कोळशावर फेव्हिकॉल नीट धरत नाही. पण खाचेत बेताने! खाच कण्याच्या जाडीला मोजून कापलेली असते. दोन्ही बाजू उत्साहाने घासल्यात तर बल्कहेड डुगडुगतो. गोंदाविना बसवून पाहा: बोटाने दाबल्यावर जावा आणि उलटा धरला तरी पडू नये. हातोडीने ठोकावा लागत असेल तर खाच घट्ट आहे आणि अशा दहा घट्ट खाचा मिळून कणा वाकवतात.

कण्याचा प्लाय डोळ्यासमोर धरून लांबीने बघायची सवय ठेवा, पावसाळ्यात तर हमखास. किंचित बाक असेल तर पोकळ बाजू ओल्या फडक्याने पुसून काचेवर वजनाखाली ठेवतात. बल्कहेड चिकटवताना प्रत्येकाला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा. एक जरी तिरका बसला तरी फळी त्याच्यावर लाट घेते आणि ती लाट वॉर्निश लावल्यावर लांबूनही दिसते.

वेंगुर्लेकर

लहानपणी खाडीकाठी होड्या बांधणारे सुतार बघितलेत. कागदावरचा नकाशा बहुतेकांकडे नसायचाच. पातळ लवचिक पट्टी सांगाड्यावर धरून एक डोळा मिटायचे आणि पट्टी कुठे 'तुटते' ते सांगायचे. फळी वाकवायला विस्तवावर शेकायचे, वरून पाणी मारत मारत. घाई कोणी केली तर म्हातारा सुतार एवढंच म्हणे, "तिका जाऊ दी, ती जाता थंय." (तिला जाऊ दे, ती जाते तिथे.)

ही पट्टीची युक्ती तुम्हीही वापरा. २८ फळ्यांची रांग मनात दिसत नाही. काळा दोरा किंवा अरुंद टेप घेऊन अंग चार पट्ट्यांत वाटा, प्रत्येक पट्ट्यात सात फळ्या. दोरा समोरून, वरून, मागून बघा. कुठे अचानक वळत असेल तर तिथेच सरकवून घ्या. दोरा सरकवायला काही लागत नाही.

आणखी एक: फळ्या कमी पडल्या तर घरच्या लाकडात हेदू बघा. पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचं लाकूड, कोरीवकामाला चालतं. सागवान दिसायला राजेशाही, पण त्याच्या ठळक रेषा एवढ्याशा मॉडेलवर बटबटीत दिसतात आणि ब्लेडची धारही लवकर मरते.

अर्धवट_सुतार

मंडळी, कमाल आहे तुमची. मापं घेतली. नाळेला ८१ भरतंय, म्हणजे रंधाकाकांनी हवेतून काढलेला ८४ फार लांब नव्हता. कागदाच्या कपट्याची चाचणी पहिल्या दोन बल्कहेडनी सपशेल नापास केली.

आता विचारतो, फळी ओली करायची की कोरडीच वाकवायची? आणि चिकटलेली टोकं सोडवायची कशी?

नागपुरी_नवशिक्या

मी तासभर भिजवतो आणि ओलीच चिकटवतो. मस्त वाकते. दोन दिवसांनी मधे फटी दिसतात, त्या फिलरने बुजवतो.

रसायनी

नागपुरी, फटी त्यामुळेच पडतात. लाकूड पाणी प्यायलं की रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाही. फुगलेली फळी तुम्ही शेजारणीला घट्ट चिकटवता, वाळल्यावर ती रुंदीला आक्रसते. फट तिथे नाही पडणार तर कुठे?

लाकडाचे तंतू लिग्निनने एकमेकांना धरलेले असतात. उष्णतेने लिग्निन मऊ होतं, ओलाव्याने ते आणखी कमी तापमानाला मऊ होतं. थंड झालं की नव्या आकारात गोठतं. म्हणजे वाकवणारी मुख्य गोष्ट उष्णता, पाणी तिला मदत करतं. दीड मिमीच्या बासवुडला गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं खूप झाली. मग केस सरळ करायच्या इस्त्रीवर किंवा सोल्डरिंगच्या जाड नळीवर हळूहळू फिरवून आकार द्या, नाळेवर चिमटे लावून वाळू द्या, आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. फळी आपला आकार धरून बसली पाहिजे. गोंदाचं काम तिला जागेवर ठेवायचं, वाकवून धरायचं नाही.

अक्रोड बासवुडइतका सोशीक नसतो, कोरडा वाकवलात तर बाहेरच्या बाजूने कुसं निघतात. फळीला आडवे चावे घेऊन वाकवणारी पक्कड मिळते, ती दुसऱ्या थराला अजिबात लावू नका. चाव्याच्या खुणा राहतात.

सोडवण्याबद्दल: फेव्हिकॉल पीव्हीए, म्हणजे पांढरा सुतारी गोंद आहे. आयसोप्रॉपिल अल्कोहोल कुंचल्याने सांध्यावर लावा, काही मिनिटं थांबा, पुन्हा लावा, मग पातळ ब्लेड सरकवा. गोंद रबरासारखा होतो. गरम पाण्यानेही सुटतो, पण त्याने प्लाय फुगतो. फेविक्विकने चिकटवलं असतं तर ॲसिटोन लागलं असतं. फेविक्विक वापरणाऱ्यांना दोन इशारे. अक्रोडात तो मुरला की डाग पडतो आणि त्यावर पॉलिश चढत नाही. आणि सांडलेला फेविक्विक सुती फडक्याने टिपू नका, कापसाशी संयोग होऊन तो चटका बसेल इतका तापतो.

भोज्या

मी दोन्ही वापरतो. फळीला फेव्हिकॉल आणि टोकाला थेंबभर फेविक्विक. टाचण्या लागत नाहीत, कपड्यांचे चिमटे पुरतात. भांडा आता.

रसायनी

भांडत नाही, पहिल्या थराला उत्तम आहे.

टीसाईडचा_बाळ्या

इंग्लंडच्या ईशान्येला राहतो, व्हिटबी आमच्यापासून जवळ. पण मला सांगायचंय ते हार्टलपूलच्या 'ट्रिंकोमाली'बद्दल. ही युद्धनौका आपल्या मुंबईच्या गोदीत बांधली. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधून १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात गेली आणि अजून तरंगते आहे. तिचे नकाशे 'जावा' या नौकेवरून मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ हरवलं, नौका जाळली, नकाशे गेले. ते पुन्हा पाठवावे लागले. किटातली प्लॅनशीट फाटली म्हणून कुणी रडत असेल तर त्याने हे आठवावं.

आता कामाचं. तुमची फळी चढते त्याचं मूळ कारण अजून कुणी सरळ लिहिलेलं नाही. पट्टी सपाट अंगाने वाकते, कडेच्या अंगाने वाकत नाही. बोथट नाळेवर तिला दोन्हीकडे वळायचं असतं: आत आणि वर. आत वळते, वर वळायला नकार देते, मग पिळवटते आणि एक कड उचलली जाते. निमुळती केल्याने हे बरंच कमी होतं, शून्य होत नाही.

खऱ्या गोदीत फळी कडेने वाकवत बसत नसत, रुंद लाकडातून वाकडीच कापत. मॉडेलवर ते असं करता येतं. शेवटच्या लावलेल्या फळीखाली, सांगाड्यावर रुंद मास्किंग टेप सैल, न ओढता लावा. लावलेल्या फळीची खालची कड पेन्सिलने टेपवर उमटवा, बल्कहेडच्या जागा मारा. टेप उचलून रुंद बासवुडच्या शीटवर सपाट चिकटवा. रेघ वक्र दिसेल, काही वेळा चक्क केळीएवढी. तीच तुमची वरची कड. तिथून खाली प्रत्येक बल्कहेडच्या जागी फळीची रुंदी मोजून ठिपके द्या, जोडा, कापा. ही फळी जागेवर ठेवली की स्वतःहून पडून राहते, चिमटाही लागत नाही. लाकूड जास्त जातं आणि वेळही. म्हणून पहिल्या थरात फक्त हट्टी तीन-चार फळ्यांना, दुसऱ्या थरात नाळेच्या बऱ्याच फळ्यांना.

सिडनीकर_मावशी

आमच्याकडे डार्लिंग हार्बरला 'एंडेव्हर'ची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. १९९३ साली फ्रीमँटलला पाण्यात उतरली, आता मेरिटाइम म्युझियमच्या धक्क्याला असते. पाहुणे आले की दाखवायला नेतो. पुढून बघितलं की तिचं फुगीर तोंड लक्षात येतं, फोटोत येत नाही.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. एक, मूळ जहाजाला १७६८ साली डेप्टफर्डच्या गोदीत तळाला फळ्यांचा एक जास्तीचा थर चढवला होता, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून बचाव म्हणून. म्हणजे तुमचा दुसरा थर अगदीच किटवाल्यांच्या मनचा नाही. दोन, पाण्याखालचा भाग पांढरट असायचा. राळ, गंधक आणि तेल यांचं मिश्रण फासत. तुम्ही मॉडेलवर तो भाग पांढरा रंगवणार असाल तर तिथे फिलर बिनधास्त चालेल. अक्रोडाची शोभा पाण्याच्या रेषेच्या वरच दिसणार, तेव्हा चांगल्या फळ्या तिथे राखून ठेवा.

अवांतर: जून १७७० मध्ये हे जहाज ग्रेट बॅरियर रीफवर अडकलं तेव्हा तळाला भोक पाडणाऱ्या प्रवाळाचा एक मोठा तुकडा त्याच भोकात रुतून बसला होता. दुरुस्तीला किनाऱ्यावर घेतल्यावर सापडला. तो रुतला नसता तर आपण हा धागा कुठल्यातरी दुसऱ्याच जहाजावर वाचत असतो.

भोज्या

म्हणजे फिलर चालतो तर. मी काय म्हणत होतो?

अर्धवट_सुतार

नाळेकडची टोकं अल्कोहोलने सुटली, एक तुटली. दोन्ही बाजूंना ठोकळे भरून गोलाई दिली आणि फळ्या निमुळत्या करून पुन्हा बसवल्या. रसायनीताईंच्या सांगण्याप्रमाणे आधी वाकवून, वाळवून. कागद आता कुठेही सरकत नाही. सातवी फळी टेपवरून रेघ उतरवून कापली. टीसाईड, ती खरोखरच पडून राहिली हो.

पुढची अडचण पिछाडीला आहे. सुकाणू ज्या उभ्या खांबाला लागतं तो ५ मिमी जाड आहे, कणाही ५ मिमी. दोन्ही बाजूंनी फळ्या आल्या की अंग खांबापेक्षा जाड होतं, पायरी पडते. सगळ्यात खालची, कीलला लागून जाणारी फळी पुढे किती वर न्यायची तेही कळत नाहीय.

रंधा

पायरीचा हिशेब सोपा आहे. एका बाजूला १.५ आणि ०.६ मिळून २.१ मिमी, दोन्ही बाजूंना ४.२. खांब ५ मिमी. म्हणजे तिथे आतला प्लाय फक्त ०.८ मिमी उरायला हवा. एवढा तासलात तर हातात राहणार नाही. म्हणून वाटणी करा. प्लाय दोन्ही बाजूंनी तासून अडीच-तीन मिमीवर आणा, कडेकडे उतार देत. पहिल्या थराच्या फळ्यांची शेवटची दोन बोटं लावल्यावर घासून निम्म्याहून पातळ करा. मग वरचा अक्रोड खांबाशी समपातळीत येतो. उतार कुठून सुरू करायचा ती रेघ बहुतेक प्लॅनशीटवर दिलेली असते. ती तासण्याआधीच कण्यावर उतरवून घ्या. सांगाडा उभा राहिल्यावर तिथे पटाशी घालायला जागा राहत नाही. तुम्हाला आता पेपरच्या बारीक पट्टीनेच करावं लागेल.

खालची फळी नाळेच्या वळणावर चढवू नका. नवीन माणसाचा हात नेमका तिथे जातो, कारण ती फळी सरळ आहे आणि तिला वर जायला आवडतं. ती वर गेली की वरच्या सगळ्यांची टोकं चेंगरतात. कील जिथे वर वळायला लागते तिच्या थोडं पुढे तिला थांबवा.

नागपुरी_नवशिक्या

अक्रोडाची फळी नाळेपासून पिछाडीपर्यंत अखंड लावायची की तुकड्यांत?

टीसाईडचा_बाळ्या

खऱ्या जहाजावर एवढी लांब फळी मिळणार कुठून? वीस-पंचवीस फुटांच्या फळ्या टोकाला टोक लावून जोडत. २४ फूट धरलेत तर १:६० ला साधारण १२२ मिमीचा तुकडा होतो. सांधा फासळीवर, म्हणजे तुमच्याकडे बल्कहेडच्या रेषेवर यावा. एकाच रेषेवर दुसरा सांधा येणार असेल तर मधे किमान तीन फळ्या अखंड जाऊ द्या. सांध्यांचा आराखडा आधी कागदावर चौकटी आखून पेन्सिलने काढा. सांध्यात काळं दिसावं म्हणून फळीच्या टोकावर फक्त मऊ पेन्सिल फिरवा. मार्कर वापरलात तर त्याची शाई वॉर्निशमध्ये पसरते.

तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. नाळेवरचा वाकडा कापलेला तुकडा छोटा असतो, बिघडला तर तेवढाच पुन्हा कापायचा.

अर्धवट_सुतार

मग नाळेचे तुकडे आधी कापून दोन्ही बाजूंना जुळवून बघतो, मधले सरळ तुकडे नंतर. प्लाय तासायला पेपरच्या पट्ट्या लागतील, बोहरी आळीत कुणी जाणार असेल तर १२० आणि २४० नंबरचे माझ्यासाठीही आणा. पैसे लगेच देतो.